लोकसहभागातलं अंडं

घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तोच वाद पेटला. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी थांबवला आणि शाळांना सांगितलं, हवं तर लोकसहभागातून पैसे उभे करा. माझ्या चुलतभावाला हे पटलंय. त्याने साक्षीला मलाच ओढलं: "तुमच्या अमेरिकेत शाळाच अन्न गोळा करतात. तिथे कोणी सरकारच्या तोंडाकडे बघत नाही."

दादा, मी सहा वर्षं दर शनिवारी न्यू जर्सीतल्या एका चर्चच्या तळघरात, गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या फूड पॅन्ट्रीत उभी असते. शाळांचे फूड ड्राइव्ह, म्हणजे मुलांनी घरोघरून गोळा केलेलं अन्न, तिथेच येऊन उतरतं.

थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर खोक्यांची थप्पी लागते. ज्या वर्गाचे कॅन जास्त त्याला पिझ्झा पार्टी, म्हणून आईबाप सगळ्यात स्वस्त कॅन उचलतात. एकदा एकाच शाळेच्या खोक्यांतून ग्रीन बीन्सचे एकशे बारा कॅन निघाले. तारीख उलटून दोन वर्षं झालेलं सूप होतं. लोणच्याची काचेची बरणी फुटून खालची सीरिअलची पाकिटं भिजली होती. ते निवडण्यात चार जणांचे दोन शनिवार गेले, आणि समोर रांगेतली बाई विचारत होती, डायपर आहेत का? स्नॅपच्या, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, कार्डावर डायपर, साबण, पॅड काहीच घेता येत नाही, आणि शाळेच्या यादीतही ते नसतं.

मुलांच्या मनात खोट नसते. गोळा करणाऱ्या मोठ्यांनी आधी विचारलेलं नसतं, एवढंच. जवळच्या एका शाळेतल्या बाईंनी मात्र फोन करून विचारलं, तुम्हाला कमी काय पडतं? मग पाचवीला तेल, सहावीला ट्यूना, सातवीला पीनट बटर असं वाटून दिलं. पिझ्झा बंद केला. महिना जूनचा ठरवला, कारण शाळा सुटली की मुलांचं दुपारचं जेवणही सुटतं आणि आमच्या फळ्या नेमक्या तेव्हाच रिकाम्या असतात. काही पालकांनी सरळ पैसे दिले. पॅन्ट्रीला माल पुरवणारी फूड बँक घाऊक भावाने घेते, त्यामुळे तेवढ्याच पैशांत कितीतरी जास्त येतं. सातवीची पोरं शनिवारी येऊन तारखा बघत बसली. असा ड्राइव्ह मला हवा आहे, आणि तो प्रत्येक शाळेला जमण्यासारखा आहे.

पण दादा, इथल्या मुलांचं शाळेतलं ताट या कॅनवर भरत नाही. १९४६ च्या कायद्यापासून त्याला केंद्र सरकारचा पैसा येतो. पॅन्ट्री त्याच्यावरची भर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये इथल्या केंद्र सरकारचं काम ठप्प झालं आणि नोव्हेंबरमध्ये चार कोटींहून जास्त लोकांचे स्नॅपचे पैसे अडकले, तेव्हा आमची रांग पार्किंग लॉट ओलांडून रस्त्यावर गेली. सगळ्या शाळांनी मिळून आणलेलं दोन शनिवारही पुरलं नाही. लोकसहभाग केवढा पुरतो ते मी तिथे उभी राहून पाहिलंय.

तू म्हणशील, तिथे बसून तुला इथलं काय कळणार. १९९६ साली तू साताऱ्याला इंग्रजी शाळेत होतास, मी गावातल्या झेडपीच्या. ऐंशी टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे. आई ते सुपात घेऊन खडे निवडायची. पिशवी घरी आणताना मला कधी लाज वाटली नाही, कारण वर्गातल्या सगळ्यांच्या हातात तीच पिशवी असायची. ते तांदूळ कोणाच्या उपकाराचे नव्हते. अंडंही तसंच यायला हवं. गावातल्या कोणा दात्याच्या नावाचा फलक त्याच्यामागे नको.

हे इथे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मराठी मंडळात तर नाहीच.

मागच्या महिन्यात रांगेत एक बाई आली, माझ्याच वयाची. फळीकडे बघत तिने मुलीला हळूच विचारलं, "तूरडाळ दिसते का गं?" मला नीट ऐकू आलं. माझ्या गळ्यात नावाचा बिल्ला होता, तिने तो वाचला आणि मान खाली घातली. तूरडाळ नव्हती. मी तिला चण्यांचे दोन कॅन दिले आणि बोलले ते इंग्रजीत. ती पुन्हा आलेली नाही. मी आता दर शनिवारी दोन किलो तूरडाळ घेऊन जाते आणि दाराजवळच्या फळीवर ठेवते.