तीनाला एक, तरी बरोबरी

परभणीतलं मंगल कार्यालय, बुद्धिबळाची खुली स्पर्धा, शेवटची फेरी, समोर पाचवीतलं पोरगं. डाव बरोबरीत सुटला. सह्या झाल्या, हात मिळवले. मी गपगुमान घरी गेलो असतो, पण मागून पोराचे आजोबा पुढे सरकले.

"म्या मघापासून मोजायलो. तुमच्याकडं तीन, आमच्याकडं येकला राजा. बरोबरी कामून?"

माझ्याकडे राजा, उंट आणि एच पट्टीतलं, म्हणजे पटाच्या अगदी कडेचं प्यादं होतं. पण प्यादं ज्या घरात वजीर होणार ते काळं आणि उंट पांढऱ्या घरांचा, काळ्या घरावर त्याचं काही चालत नाही. पोराचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी उठत नाही. जास्त कोंडलं तर स्टेलमेट, म्हणजे राजाला शह नाही पण चालही उरली नाही, की डाव बरोबरीत. हे त्या कार्ट्याला पाठ होतं.

"काका, उंट चुकीच्या रंगाचा आहे."

"मंग बदलून घ्या की!" त्यांनी मेलेल्या सोंगट्यांतून माझा दुसरा उंट उचलून पटावर ठेवलासुद्धा.

"तसं चालत नाही हो."

"गावात तीन मेंबर इकडं अन् येक तिकडं असल्यावर सरपंच कुणाचा? आमचं पोरगं हारलं म्हना, मला राग न्हाई. पर हिशोब सरळ पायजे."

नातवाला हरवा म्हणून माझ्याशी भांडणारा आजोबा! पंच लांबून हसत होते. नातू पार्ले-जी खात होता.

१९८४-८५ मध्ये मॉस्कोत बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासाठी कार्पोव्ह-कास्पारोव्ह ४८ डाव खेळले. त्यातले ४० बरोबरीत सुटले आणि शेवटी निकालाविनाच मॅच गुंडाळली. त्यांना कुणी सरपंच विचारला नाही.

बरं, अर्ध्या गुणानं माझं बक्षीस हुकलं. पोराला अकरा वर्षांखालचा कप. साठीच्या पुढच्यांनाही कप. मधल्या वयाच्या माणसानं पोरांपेक्षा जास्त फी भरायची, पंख्याचा वारा लागत नाही त्या टेबलावर घामाघूम व्हायचं आणि पाहुणे येईपर्यंत सतरंजीवर ताटकळायचं. पाहुणे आले आणि बुद्धिबळाने एकाग्रता वाढते यावर बोलले, तेही मोबाईलवर बोट फिरवत.

तेवढ्यात आजोबांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "सर, पोराचा येक फोटू काढा. कप सगळा आला पायजे."