‘बारावी कायले पायजे?’ : एका फॉरवर्डला आयटीआयच्या मास्तरचं उत्तर

दहावीचा निकाल लागला की आठवडाभरात तो मेसेज येतो. यंदा मला तो चौदा जणांनी पाठवला. त्यात दोन सरपंच, एक कृषी केंद्रवाला आणि माझा सख्खा साळा. वर तिरंगा, खाली जोडलेले हात, आणि मधे हा मजकूर: “पालकांनो, जागे व्हा! अकरावी-बारावी म्हणजे दोन वर्षं पाण्यात. डिग्रीवाले बेकार फिरतात, प्लंबर-इलेक्ट्रिशियन महिन्याला लाख कमावतो. आयटीआयला गणित-इंग्रजीची कटकट नाही. अठराव्या वर्षी सरकारी नोकरी पक्की. महात्मा गांधींनी वर्ध्यातून हेच सांगितलं होतं. दहा ग्रुपवर पाठवा.”

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा (म्हणजे त्या कामाच्या अभ्यासक्रमाचा) शिल्प निदेशक, म्हणजे मास्तर आहे. म्हणजे तसं पाहिलं तर ही माझ्याच दुकानाची फुकटची जाहिरात. तरी तिच्याविरुद्ध लिहितोय, कारण हा मेसेज वाचून आलेली पोरं दिवाळीपर्यंत कशी गळतात ते माझ्या हजेरीपटात दिसतं.

मेसेजमधली एक गोष्ट आधी कबूल करून टाकतो. आमच्या भागात कित्येक ज्युनिअर कॉलेजांत अकरावीचा वर्ग फक्त कागदावर भरतो. पोरगं सायन्सला नाव टाकतं, प्रॅक्टिकलच्या वहीत दुसऱ्याचं बघून आकृत्या काढतं आणि टेस्ट ट्यूब पहिल्यांदा हातात घेतं ती बोर्डाच्या परीक्षेला. बापाला वाटतं पोरगं शिकतंय, पोरगं पानठेल्यावर. हे खरं आहे. पण त्यावरून बारावीच नको म्हणणं म्हणजे वखराची पास (पातं) बोथट झाली म्हणून वावर विकायला काढणं.

आता सगळ्यात खोटं वाक्य: “आयटीआयला गणित-इंग्रजीची कटकट नाही.”

फिटरच्या पहिल्या वर्षातला एक प्रसंग सांगतो. पोरगं हुशार, हात चांगला, कानस धरायची पद्धत पाहून मी खूश. जॉब घासून आणला. ड्रॉइंगमध्ये माप २४.१० मिलिमीटर, सूट अधिक-उणे ०.०४. त्यानं व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला आणि वहीत लिहिलं २४.१३. म्हणजे जॉब सुटीत बसला, पास. मी व्हर्नियर हातात घेतला. मुख्य पट्टीवर २४ बरोबर होते आणि व्हर्नियरची तेरावी रेघ जुळत होती. पण त्या व्हर्नियरचं लघुत्तम माप, म्हणजे एका रेघेची किंमत, ०.०२. तेरा गुणिले ०.०२ म्हणजे ०.२६. जॉब होता २४.२६ चा. अजून घासायला बक्कळ जागा होती, पण पोराच्या लेखी काम संपलं होतं. मी म्हटलं, “बाबू, तेराले ०.०२ नं गुण.” पोरगं गप्प. दशांश अपूर्णांकाचा गुणाकार त्याला दहावीपर्यंत कधी कळलाच नव्हता, आणि मोबाईलवरच्या मेसेजनं सांगितलं होतं की इथं त्याची गरज नाही.

आयटीआयमध्ये प्रॅक्टिकलसोबत ट्रेड थिअरी असते, वर्कशॉप कॅल्क्युलेशन असतं, इंजिनिअरिंग ड्रॉइंग असतं. थिअरीचा पेपर कॉम्प्युटरवर द्यावा लागतो. परीक्षेला बसायलाच ८० टक्के हजेरी लागते. सोयाबीन काढायला पंधरा दिवस घरी राहिलं की ती हजेरी कोणी भरून देत नाही. इलेक्ट्रिशियनवाल्या पोराला तर सूत्र आल्याशिवाय वायर कोणत्या जाडीची घ्यायची तेही ठरवता येत नाही. गणिताला भिऊन जो आयटीआयला आला, तो विहिरीला भिऊन धरणात उतरला.

“अठराव्या वर्षी सरकारी नोकरी पक्की.” कोणती? महावितरणचा विद्युत सहाय्यक म्हणाल तर त्याला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं प्रमाणपत्र लागतं, बी.ए. वाल्याला तिथं अर्ज करता येत नाही, इथपर्यंत मेसेजची बाजू बरोबर. पण २०२३ च्या अखेरीस जी जाहिरात निघाली ती ५,३४७ जागांची होती, आणि तीही अख्ख्या राज्यासाठी. राज्यात शासकीय आयटीआयच चारशेच्या वर आहेत, खासगी वेगळे, आणि दरवर्षी नवी बॅच बाहेर पडते. शिवाय लागलं तरी पहिली तीन वर्षं कंत्राटावर, मानधनावर. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणी, चंद्रपूरचं वीज केंद्र, भंडारा नि भद्रावतीची आयुध निर्माणी, नागपूरची रेल्वे ही सगळी ठिकाणं आमच्या पोरांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतात, आणि तिथलं एक वर्ष पोराला माणूस करतं. पण शिकाऊ उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे. विद्यावेतन संपलं की पोरगं घरी येतं, आणि बाप विचारतो, “काऊन, काढलं का रे तुले?” काढलं नसतं, मुदत संपलेली असते. हे आधी कोणी सांगत नाही.

यातली मोठी गंमत पुढे आहे. आमच्याकडे पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं पाहा. त्यातल्या बहुतेकांना पोलीस व्हायचंय. पोलीस शिपायाला किमान बारावी पास लागते. मेसेजवर विश्वास ठेवून बारावी सोडलेलं आणि आयटीआय केलेलं पोरगं ग्राउंडवर सोळाशे मीटर सगळ्यांच्या पुढे पळतं आणि फॉर्म भरताना अडकतं. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते, ही वाट आहे. माझ्याकडून पास झालेल्या पोरांना मी ती दरवर्षी सांगतो. निम्मे ऐकत नाहीत, मग भरतीची जाहिरात निघाल्यावर रात्री दहाला फोन करतात.

मुलींचं तर त्या मेसेजमध्ये नावच नाही. गावात लस टोचायला येते त्या एएनएमलासुद्धा आधी बारावी लागते. डी.एड.ला लागते, डी.फार्मला सायन्सची बारावी लागते. मुलीच्या बापानं हा मेसेज मनावर घेतला तर गावात तिला दिसणारे बहुतेक रस्ते तो स्वतःच बंद करतो.

“दोन वर्षं पाण्यात” हा हिशोब मात्र सावकाश मांडावा लागेल, कारण इथंच पालक फसतात.

मेसेज दोनच दारं दाखवतो, बारावी नाहीतर आयटीआय. दहावीनंतर थेट तीन वर्षांचं पॉलिटेक्निक आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली कृषी तंत्र विद्यालयांची दोन वर्षांची मराठीतली पदविका आहे. कृषी सेवकाच्या भरतीला ती चालते. बारावी सायन्समध्येच द्विलक्षी (बायफोकल) अभ्यासक्रम घेता येतो, २०० मार्कांचा, कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, पीकशास्त्र किंवा दुग्धव्यवसाय असा. म्हणजे पुस्तक आणि हात दोन्ही एकाच वर्गात. आमच्या तालुक्यातल्या किती पालकांना ‘बायफोकल’ म्हणजे चष्म्याव्यतिरिक्त काही असतं हे माहीत आहे, देव जाणे.

आता वर्षं मोजा. समजा पोराला इंजिनिअर व्हायचंय. दहावी, मग बारावीची दोन आणि डिग्रीची चार: सहा वर्षं. दहावी, मग डिप्लोमाची तीन आणि त्यानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणून अजून तीन: पुन्हा सहाच. दहावी, आयटीआयची दोन, मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला म्हणून दोन, मग डिग्रीची तीन: सात. ज्याला पाण्यात गेलेली वर्षं म्हणतात ती कुठं गेली? बारावी सायन्स झालेल्यालाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, म्हणजे ती दोन वर्षं तिथं एका वर्षाच्या कामी येतात. आयटीआयवाल्याचं एक वर्ष जास्त जातं, पण त्याच्या हाताला जे वळण लागलेलं असतं ते इतरांना नंतर लाख खर्चूनही येत नाही.

पण यातली मेख अशी की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचं दार उघडतं ते दोन वर्षांच्या ट्रेडला. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर चालतात. वेल्डर किंवा डिझेल मेकॅनिक एका वर्षाचे आहेत. “लवकर सुटते न सर” म्हणून बाप विकल्प भरताना एक वर्षाचा ट्रेड वर टाकतो, आणि एक वर्ष वाचवताना पुढची सगळी शिडी काढून घेतो. वेल्डर वाईट नव्हे. चांगला वेल्डर उपाशी राहत नाही. पण हे जाणून भरलं पाहिजे.

आणि डॉक्टरकी? तिथं आयटीआय किंवा डिप्लोमावरून जायला वाटच नाही. नीटला जीवशास्त्रासह बारावी लागते, विषय संपला.

गांधीजींचं नाव घेतलंय म्हणून थोडं त्यावर. वर्धा माझ्या घरापासून लांब नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला तिथं शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि त्यातून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती निघाली. ठरलं ते असं: सात वर्षं सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि त्याच्या मध्यभागी एखादं उत्पादक हस्तकौशल्य. मुलानं टकळीवर सूत काढायचं आणि त्यातूनच गणित, कापसाचा भूगोल, कपड्याचा इतिहास शिकायचा. हस्तकौशल्य हे शिकण्याचं साधन होतं, शिक्षणाच्या ऐवजी दिलेलं काम नव्हतं. आणि ते सावकाराच्या पोरालाही होतं, सालदाराच्याही. मेसेज मात्र फक्त सालदाराच्या घरी पोहोचवायचा असतो. मला तो पाठवणाऱ्या चौदांपैकी पाच जणांची लेकरं नागपूर-अमरावतीला नीट-जेईईच्या क्लासला आहेत, हे मला पक्कं माहीत आहे. साळ्याची पोरगी धरून.

राहिले लाख रुपये. आमच्या चौकात मोटर रिवाइंडिंगचं एक दुकान आहे, माझाच जुना विद्यार्थी. चणा-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत, व्होल्टेज पडून पाच एचपीच्या मोटरी जळतात तेव्हा त्याला जेवायला फुरसत नसते. एखाद्या महिन्यात गल्ल्यात लाख आलेही असतील. त्यातून तांब्याची तार, वॉर्निश, पोऱ्याची मजुरी वजा करा. उधारी तर कापूस विकल्याशिवाय येत नाही. आणि मेमध्ये विहिरी आटल्या की तो दुकानाबाहेर खाट टाकून झोपतो. आता तर सौर पंप येऊन राहिले. सरकारी योजनेतल्या सौर पंपाला पाच वर्षांची दुरुस्ती हमी असते, बिघडला की कंपनीचा माणूस येतो. परवा तो मला म्हणाला, “सर, त्याचा कंट्रोलर खोलून पाह्यला. मॅन्युअल सारं इंग्रजीत हाय. थोडं इलेक्ट्रॉनिक्स शिकवा न.” सदतीस वर्षांचा आहे. सुट्टीच्या दिवशी येतो, डायोड कसा तपासायचा तिथपासून सुरुवात केलीय.

गेल्या सोमवारी एक बाप पोराला घेऊन आला. हातातल्या मोबाईलवर तोच मेसेज उघडलेला.

“ह्याले बारावी कायले पायजे, सर? फिटर करून द्या.”

मी पोराला विचारलं, तुला काय आवडतं? त्यानं आधी बापाकडे पाहिलं, मग फरशीकडे. “ट्रॅक्टर.” बरं, ट्रॅक्टरचं काय? म्हणाला, घरचा ट्रॅक्टर बंद पडला तेव्हा मिस्त्री येईस्तोवर त्यानं डिझेल फिल्टर काढून, नळीतली हवा काढून चालू केला होता. बापाला हे माहीतच नव्हतं. त्या दिवशी तो बाजारात गेला होता. गणितात किती? एक्कावन. डिझेल मेकॅनिकपेक्षा मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड घे, पुढे डिप्लोमाला जाता येईल, असं मी सांगितलं. आमच्याकडे तो ट्रेड नाही, बाजूच्या तालुक्याला आहे, बत्तीस किलोमीटर.

बापानं मोबाईल खिशात घातला. फी विचारली नाही, नोकरीचंही नाही.

“आठची हजेरी म्हणता. आमच्या फाट्यावरून पहिली एसटी सातची हाय, अन् ते बी कधी येते कधी नाही. सकाळी पोचन का हे?”

मी आगाराच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, पोरांच्या पासची यादी आणि शाळेचं पत्र घेऊन या, पाहू. पोरं किती आहेत त्या बाजूची? बापानं बोटं मोजायला सुरुवात केली.