वॉशिंग मशीनवाल्या ताईंना

ताई,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा समोरचा चहा गार होईस्तोवर मनातल्या मनात तुमच्याशी भांडले. रात्री पुन्हा वाचली तेव्हा भांडण निम्मं उरलं होतं. त्या निम्म्याचं हे उत्तर. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, फक्त 'एक बडोदेकरीण', म्हणून ताई म्हणते. वयाने लहान असाल तर चालवून घ्या.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की या नवरात्रात आमच्या घरात नवं काही येणार नाही, सेलकडे सरळ पाठ फिरवायची आणि चणियाचोळी एक पुरे. ताईंनी लिहिलं: "भरल्या घरात बसून साधेपणा सांगायला काय जातं? आम्ही मांजलपूरला दोन खोल्यांत राहतो, मिस्टर मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कामाला. तीन वर्षं थांबून २०२५ च्या सेलमध्ये नो कॉस्ट ईएमआयवर १८ हजारांचं वॉशिंग मशीन घेतलं. सेल नसता तर अजून हातानेच धूत असते. सोळा वर्षांच्या मुलीला नऊ रात्री एकच चणियाचोळी घाल म्हणू का? आणि सगळ्यांनी तुमचं ऐकलं तर मंगळबाजारातल्यांनी काय खायचं?" (मंगळबाजार म्हणजे आमच्या बडोद्यातला जुना बाजार.)

भरल्या घराचं खरं आहे. आमच्या घरात मशीन २००९ पासून आहे. पिळे काढून मनगट धरणं काय असतं ते मी आईचं पाहिलंय, स्वतः भोगलेलं नाही. 'सेलकडे सरळ पाठ फिरवा' हे वाक्य मी मूळ लेखातून आज काढून टाकलं. ते वाक्य ज्याच्या घरात सगळं आहे त्यालाच सुचतं.

पण तुम्ही काय केलंत ते बघा ना. तीन वर्षं एक वस्तू मनात धरली. या तीन वर्षांत किमती पाहिल्या असतील, शेजारणीच्या मशीनला पाणी किती लागतं ते विचारलं असेल, दोन खोल्यांत ते ठेवायचं कुठे यावर घरात वाद झाला असेल. (आमच्याकडे झाला होता. मोरीचं दार अजून पूर्ण उघडत नाही.) सेल आला तेव्हा तुमचं ठरून झालेलं होतं, त्याने फक्त भाव पाडून दिला. मला जे सांगायचं होतं ते हेच, आणि ते मला नीट सांगता आलं नाही.

आता माझं ऐका. त्याच नवरात्रात, रात्री पावणेबाराला, मी एअर फ्रायर घेतला. तो मला हवा होता असं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला माहीतही नव्हतं. पडद्यावर लाल आकड्यांचं घड्याळ उलटं पळत होतं: चार मिनिटं बारा सेकंद, अकरा, दहा. खाली 'फक्त दोन शिल्लक'. मी बोट टेकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सहज पाहिलं तर भाव तोच, घड्याळ पुन्हा चार तासांवर, आणि दोन अजून शिल्लकच. अ‍ॅपचं नाव घेत नाही. फ्रायरमध्ये दोनदा बटाट्याच्या काचऱ्या झाल्या. आता तो माळ्यावर आहे, थर्माकोलसकट.

या लाल घड्याळाला कायद्याच्या भाषेत नाव आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला असल्या १३ युक्त्यांची यादी मार्गदर्शक नियमांत घातली, त्यात खोटी घाई हा प्रकार आहे. टोपलीत गुपचूप जादा वस्तू सरकवणं आहे. 'नको, मला बचत करायची नाही' असं बटण दाबायला लावून लाजवणंही आहे. यादी वाचताना मला गंमत वाटली, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टींना मी फसून झाले होते. घाई खोटी असो वा खरी, ती तुमच्यावर चालली नसती. तीन वर्षं थांबलेल्या माणसाला चार मिनिटं काय घाबरवणार!

ईएमआयबद्दल मात्र एक सांगू द्या, रागावू नका. नो कॉस्ट म्हणजे व्याज नाही असं नव्हे. २०१३ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. होतं असं, की बँक व्याज लावते आणि विकणारा तेवढीच सूट आधी देऊन हिशेब जुळवतो. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या कार्डावर येतो, वर बहुतेक ठिकाणी प्रोसेसिंग फी. १८ हजारांचे सहा हप्ते, दरमहा ३,०००, व्याज १५ टक्के धरलं तर व्याजाची रक्कम साधारण ७६० रुपये. त्यावर जीएसटी १३७. फी १९९ धरली तर तिच्यावरही जीएसटी, म्हणजे २३५. झाले ३७२. बँकेनुसार कमीजास्त होईल. मशीनसाठी एवढे गेले तर गेले, मी म्हणते. पण एकदा स्टेटमेंट काढून बघा, पुढच्या वेळी दुकानदाराशी बोलताना हा आकडा कामाला येतो.

आणि सरकारने गाजवलेल्या 'बचत उत्सवा'चंही जरा. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि जो तो 'सगळं स्वस्त झालं' म्हणत सुटला. एसी आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही २८ वरून १८ वर आले, हे खरं. मोबाइल मात्र आधी १८ होता तो १८ च राहिला. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी 'टॅक्स कमी झालाय' म्हणून चांगला चालणारा फोन बदलला! कपड्यांचं तर आणखी मजेशीर. एका नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर गेलं की १२ च्या जागी १८. म्हणजे ३,००० ची चणियाचोळी त्या उत्सवात कराने महागच झाली.

चणियाचोळीवरून तुमच्या लेकीकडे येते. इथे माझं चुकलंच. मला मुलगी नाही, आणि नवलखी मैदानाच्या धुळीत चार तास गरबा फिरून आल्यावर चणियाच्या घेराची खालची वीतभर काय अवस्था होते ते मी विसरले होते. एक चणियाचोळी नऊ रात्री पुरत नाही, धुऊन वाळायला तरी दुसरी लागतेच. पण नऊही लागत नाहीत. माझ्या भाचीची दोन वर्षांपूर्वीची चणिया आम्ही गेल्या वर्षी पुन्हा उभी केली. घेर आठ मीटर. मंगळबाजारातून आठ मीटर कोर, म्हणजे काठाला लावायची लेस, घेतली, मीटरला ३५ सांगत होता, ३० ला दिली. म्हणजे २४० ची कोर. पिको-फॉलवाल्या बेननी जुनी लेस उसवून नवी लावायचे २०० घेतले. ओढण्या तिच्या सहा मैत्रिणींनी आपसांत फिरवल्या. फोटोत कोणाच्या लक्षात आलं नाही, असं तीच म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

मंगळबाजारातल्यांनी काय खायचं, या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त अडले. ४४० रुपयांत एका चणियाचोळीचा गल्ला भरत नाही, हे कबूल. दुकानदाराला नवी विकली गेलेलीच हवी, त्याचं काही चुकत नाही. पण माझा एअर फ्रायर न्यायमंदिरासमोरच्या कोणाकडून आला नव्हता, त्याचा एक रुपया मंगळबाजाराकडे नेणाऱ्या लहरीपुऱ्याच्या दरवाजातून आत गेला नाही. तो घेतला नसता तर मंगळबाजाराचं काय बिघडलं असतं? उलट कोरवाला, पिकोवाल्या बेन, मिक्सर दुरुस्त करणारे भाई यांच्या हातात जे पडतं ते आपण जुनं टिकवलं तरच पडतं. सगळ्यांचंच पोट त्यावर भरेल असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. तुमचा प्रश्न अर्धा उभाच राहतो, राहू द्या.

अजून एक, लेखात लिहायचं राहिलेलं. आईच्या वेळी आमच्याकडे बोहारीण यायची. ओट्यावर बसून पँट उजेडाकडे धरायची, गुडघ्याला आणि बसायच्या जागी कापड किती विरलंय ते आरपार बघायची. जरीच्या साडीला काठ नखाने खरवडून बघायची. तीन साड्या, एक पँट, आणि आईची पाऊण तास घासाघीस, मग एक स्टीलचा डबा. गेल्या दिवाळीच्या आधी एक वासणवाळी (इथली बोहारीणच) आमच्या गल्लीत आली तेव्हा मी हौसेने गठ्ठा काढला: सेलमध्ये घेतलेले टॉप, दोन कुर्ते, काहींची चिठ्ठीसुद्धा निघालेली नव्हती. तिने एकेक हातात चुरगाळला आणि बाजूला ठेवला. "बेन, आनुं तो पोतुंय नहीं थाय." म्हणजे याचं फरशी पुसायचं फडकंही होणार नाही; पाणीच शोषत नाही म्हणे. आईचं जुनेर घेऊन डबा देणाऱ्या बायकांपैकी एकीला माझे नवे कपडे फुकट नको होते. तो गठ्ठा परत कपाटात ठेवताना मला जे वाटलं, त्यातून मूळ लेख निघाला. आणि मी तो तुमच्यासारखीला उपदेश केल्यासारखा लिहिला, हे वाईट झालं.

जाता जाता, आमचं २००९ चं मशीन आता पाणी पिळायला लागलं की मोरीभर चालत सुटतं. भाई येऊन रबराचे पाय बदलून गेले आहेत, तरी त्याची चालायची हौस फिटलेली नाही. तुम्ही कोणतं घेतलंत, आवाज फार करतं का आणि पाण्याचा दाब कमी असला तर चालतं का, एवढं कळवाल? सवडीने कळवा. भाई परवा पुन्हा येणार आहेत, ते काय म्हणतात तेही आधी बघायचंय.