क्रिएटिनिन उतरले म्हणजे मूत्रपिंड सुधारले, असे नव्हे

मधुमेहामुळे मूत्रपिंडे बिघडलेल्यांनी प्रथिने पूर्ण बंद करावीत, मग क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) उतरते, औषधे सुटतात आणि डायलिसिसवर असलेल्यांनाही गुण येतो, असा एक संदेश फिरतो आहे. तो वाचून माझ्या काकांनी दूध, अंडी, कडधान्ये सगळेच वर्ज्य केले, म्हणून हा खटाटोप.

सर्वांत घातक दावा क्रिएटिनिनचा आहे. क्रिएटिनिन मुख्यतः स्नायूंमध्ये तयार होते; त्यामुळे प्रथिनांअभावी स्नायू झिजले की रक्तातील त्याचे प्रमाण घटते, मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मात्र वाढलेली नसते, कदाचित आणखी खालावलेलीही असते. म्हणजे रुग्ण खंगत चालल्याची खूणच येथे सुधारणेचा पुरावा म्हणून मिरवली जाते! खरी स्थिती पाहायची तर स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली सिस्टॅटिन-सी चाचणी आहे. संदेशकर्त्याला तिचा पत्ताच नसावा. शिवाय प्रथिनांची जागा पिष्टमय पदार्थांनी भरली तर साखर चढते, आणि जेवणच कमी करून इन्सुलिनचा डोस तोच ठेवला तर ती धोकादायकरीत्या उतरते, कारण दुबळ्या मूत्रपिंडांकडून इन्सुलिनचा निचराही सावकाश होतो.

अतिरिक्त प्रथिनांमुळे मूत्रपिंडातील गाळण्यांवर दाब वाढतो, एवढे अर्धसत्य मान्य करावे लागेल. परंतु अतिरेक टाळणे वेगळे आणि प्रथिने तोडणे वेगळे. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिका मधुमेह आणि मूत्रपिंडविकार असलेल्या, डायलिसिसवर नसलेल्या रुग्णांना दर किलो वजनामागे रोज ०.८ ग्रॅम प्रथिने सुचवते; ६० किलोच्या माणसाला ती ४८ ग्रॅम होतात. हे वजन प्रथिनांचे आहे, पदार्थाचे नव्हे. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम प्रथिने असतात. डायलिसिसवर असलेल्यांसाठी तर हीच मार्गदर्शिका १.० ते १.२ ग्रॅम सांगते, कारण त्या प्रक्रियेत अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, वाहून जातात. तेव्हा संदेशातील सल्ला त्यांच्यासाठी थेट उलटा आहे.

राहिला औषधे सोडण्याचा मुद्दा. २०१९ च्या ‘क्रेडेन्स’ या औषधचाचणीत टाइप २ मधुमेह आणि मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांमध्ये कॅनाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधाने मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका कमी केला, तोही रक्तदाबाची मूत्रपिंडरक्षक औषधे आधीपासून चालू असताना. ती सोडून केवळ ताटातून प्रथिने काढल्याने असे संरक्षण मिळते, याला संदेशात एकही आधार दिलेला नाही.