तीन फेऱ्या उरल्या की पिवळा झेंडा!

नॅसकार म्हणजे अमेरिकेतली कार शर्यतींची मालिका. ३६ शर्यतींचा हंगाम, आणि २०२५पर्यंत निकाल कशावर लागायचा? शेवटच्या दोन फेऱ्यांवर! २०२५चं फिनिक्स, म्हणजे विजेतेपद ठरवणारी शेवटची शर्यत, आठवलं की अजून डोकं फिरतं. डेनी हॅमलिन तब्बल २०८ फेऱ्या पुढे. तीन उरल्या आणि बायरनचा टायर गेला. पिवळा झेंडा! म्हणजे सगळ्यांनी गाड्या हळू करायच्या, आघाडी पुसली, आणि नंतर दोनच फेऱ्यांची शर्यत. हॅमलिनने चार टायर बदलले, काइल लार्सनने दोनच, आणि तो पुढे सटकला. दिवसभरात एकही फेरी आघाडीवर नसलेला गडी चॅम्पियन! (लार्सनवर राग नाही हो, गाडी झकास चालवतो.) आदल्या वर्षी तर अ‍ॅलेक्स बोमनची गाडी वजनात कमी भरली, म्हणून विजेतेपदाच्या चुरशीतून बाद झालेला जोई लोगानो परत आत आला आणि चषकच घेऊन गेला. याला प्लेऑफ (विजेता ठरवायच्या शेवटच्या बाद फेऱ्या) म्हणायचं होतं की मटका? आणि मी येडा, पहाटेपर्यंत जागायचो!