वाटाण्याचा वेल आणि गंगेचा गाळ

आमच्या आठवीच्या वर्गाच्या खिडकीत सध्या सहा बाटल्या उभ्या आहेत. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, वरून कापलेल्या, आत गंगेचा गाळ. तीन बाटल्यांत नाशकाच्या वरच्या अंगाच्या सोमेश्वरजवळचा, तीन बाटल्यांत तपोवनाच्या खालच्या अंगाचा. (बाहेरगावच्या मित्रांसाठी: नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात.) समोर स्टँडवर माझा जुना मोबाईल लावलाय. दिवसा दर तासाला एक फोटो. दीड महिन्याचे फोटो सलग जोडून मुलांनी त्याची जेमतेम पाऊण मिनिटाची फिल्म केली आणि परवा संध्याकाळी शाळेच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवली. एका मुलीचे आजोबा फिल्म संपल्यावर भिंतीपाशी गेले आणि म्हणाले, "मॅडम, पुन्हा लावा. गाळात एवढं चाललेलं असतं?"

चाललेलं असतं. हा प्रयोग माझा नाही. सर्गेई विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो रूढ केला. गाळात वर्तमानपत्राचे कपटे आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक कालवायचा, वर नदीचंच पाणी, तोंडाला पातळ प्लास्टिक, आणि बाटली उजेडात ठेवायची, पण थेट उन्हात नाही. कागद म्हणजे जिवाणूंचं अन्न, बलक म्हणजे गंधक. पहिले दहा-पंधरा दिवस नुसता चिखल दिसतो, मुलं कंटाळतात. मग तळ काळा पडू लागतो. तिथे ऑक्सिजन उरलेला नसतो. गंधकाची संयुगं वापरून जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच तो सडक्या अंड्याचा वास, आणि गाळातल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन काळा रंग येतो. त्याच्या वर हिरवे गंधक-जिवाणू, त्यांच्या वर जांभळे, आणि पार पृष्ठभागाशी शेवाळ आणि ऑक्सिजन सोडणारे नीलहरित जिवाणू. प्रत्येकाने आपापल्या सोयीचा मजला धरलेला. पाठ्यपुस्तकात 'परिसंस्था' हा शब्द मी वीस वर्षं शिकवतेय. मुलांनी तो रंगांत सरकताना पाहिला तो यंदा पहिल्यांदा.

तपोवनाकडच्या बाटल्या लवकर काळ्या पडल्या. वर्गात लगेच निकाल तयार, खाली नदी घाण. मी तो लिहू दिला नाही. सहा बाटल्यांवरून नदीचा निवाडा होत नाही. गाळ किती खोलीवरून काढला, बलक सारखा पडला का, हे आधी विचारावं लागतं. चित्र जितकं देखणं तितकी ही खबरदारी जास्त हवी, कारण भिंतीवर मोठं दिसलेलं माणसाला खरंच वाटतं.

मला सांगायचं आहे ते हेच. पर्यावरणाचं शिक्षण आपण घोषवाक्यं, पोस्टर स्पर्धा आणि एका दिवसाच्या प्रभातफेरीत अडकवून ठेवलंय. मुलं पोस्टरवर हिरवं झाड आणि रडणारी पृथ्वी काढतात, पण त्या झाडाकडे सलग आठवडाभर बघायला त्यांना कुणी सांगत नाही. जीवशास्त्राचा तास आणि चित्रकलेचा तास एकत्र आणा. हातात कॅमेरा, सेन्सर, प्रोजेक्टर, काय मिळेल ते द्या. सजीव हळू बदलतो आणि आपला डोळा उतावीळ असतो. या दोन वेगांची गाठ घालून देणं हे सजीव आणि तंत्रज्ञान हाताशी घेऊन केल्या जाणाऱ्या नव्या कलेचं काम आहे.

आणि हे परदेशातून शिकून यायची गरज नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, पहिला मोठा चित्रपट काढायच्या आधी, कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून बीजाचा वेल होताना पडद्यावर दाखवला. ती छोटी फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. शाळांच्या सहली तिथे जातात, बागेत डबे खाऊन परत येतात. एखाद्या मुलाने तिथून येऊन घरी वाटाणा पेरला आणि रोज एक फोटो काढला, तर ते मला कुठल्याही हारापेक्षा मोठं वाटेल.

न्यूयॉर्कमध्ये २००९ साली कलाकार आणि वास्तुरचनाकारांनी मिळून नदीत तरंगते दिवे लावले होते. पाण्याखाली सेन्सर होते. खालून मासा गेला की दिवे उजळायचे, पाण्यातल्या ऑक्सिजनप्रमाणेही बदलायचे. मोबाईलवरून मेसेज केला की नदीची हालहवाल कळायची. आपल्याकडे सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, घाटावर रोषणाई होणारच. दहा दिवे तरी पाण्याच्या सांगण्यावरून लागावेत असं मला मनापासून वाटतं. नदीला न विचारता तिच्यावर टाकलेला झगमगाट रात्रीच्या किड्यांना भुलवतो, आणि शिकवत काहीच नाही.

या कलेची एक वाट जनुकांत बदल करण्याकडे जाते. बंगळूरच्या कलाविद्यार्थ्यांनी २००९ मध्येच एका स्पर्धेसाठी जिवाणूकडून जिओस्मिन, म्हणजे पहिल्या पावसाचा मातीचा वास, तयार करून घेण्याचा प्रकल्प केला. कल्पना मला फार आवडते. पण शाळेत तसलं काही नको. तो वास आपल्या मातीतले जिवाणू मुळातच तयार करतात, आणि मुलांनी आधी त्यांना भेटावं.

गेल्या वर्षीच्या बाटल्या मी एका दुसऱ्या शाळेत ठेवल्या होत्या. वास येतो म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी कुणीतरी फेकून दिल्या. छत्तिसावा दिवस होता, जांभळा थर नुकता उमटला होता. मुलं रडली. मलाही फार लागलं ते.

यंदा दारावर पाटी आहे: 'आत जिवंत आहेत, हलवू नका.' पुढची तुकडी जूनमध्ये लावणार. विषय या वेळी पाणवेली, म्हणजे जलपर्णी. अनुकूल हवेत त्या पंधरा दिवसांत दुप्पट होतात, तेव्हा बादलीत एक रोप सोडून वरून कॅमेरा लावायचा. (प्रयोग झाला की उन्हात वाळवायची, परत नदीत टाकायची नाही.) ज्या शिक्षकांना करायचंय त्यांनी कळवा, बसून ठरवू. कुणाकडे पडून असलेला प्रोजेक्टर असेल तर तोही हवाय. आमच्याकडच्याचा बल्ब परवाच्या खेळानंतर गेला.