डिस्क लेथवर मारायची की बदलायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा. पुढच्या चाकांच्या ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) आणि पॅड (तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे) घरी बदलण्याच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पहिला, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतंय म्हणून थेट नवी डिस्क घालायला सांगणं ही उधळपट्टी आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवर डिस्क मारून, म्हणजे तासून सपाट करून मिळते. दुसरा, ब्लीडिंगचा, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लाइनमधली हवा काढण्याचा, लेखात उल्लेखच नाही. तिसरा, जिवाशी गाठ असलेलं काम लोकांना घरी करायला लावणं बेजबाबदारपणाचं आहे. दुसऱ्यात तुमचं बरोबर आहे, तिसऱ्यात अर्धं, पहिल्यात मात्र पटत नाही.

कोल्हापूरकराला बीड (ओतीव लोखंड) म्हणजे काय हे सांगणं म्हणजे पैलवानाला जोर कसे मारायचे ते शिकवणं. तरी डिस्कच्या बिडाबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. पॅडला घासायला पृष्ठभाग देणं हे तिचं अर्धंच काम. गाडीचा वेग मोडताना जी उष्णता तयार होते ती आधी डिस्कच्या वजनात मुरते आणि मग हवेत जाते. बीड कमी झालं की तेवढीच उष्णता कमी धातूत शिरते आणि डिस्क जास्त तापते. म्हणून किमान जाडीचा आकडा डिस्कवरच असतो, कडेला किंवा मधल्या टोपीवर. समजा नवी डिस्क २० मिमी आणि किमान १८. म्हणजे दोन्ही बाजू मिळून झिजायला जागा फक्त २ मिमी. वापरात १ मिमी गेलेली असेल आणि लेथवर चरे काढायला दोन्हीकडून ०.४ घेतले, तर उरली १८.२. आज चालेल, पण नव्या पॅडचा सेट संपायच्या आत ती भंगारात जाईल. मग तेच काम दोनदा.

यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. स्टिअरिंग थरथरलं की ‘डिस्क वाकली’ असं सर्रास म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. डिस्क हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाच्या) ज्या तोंडावर बसते तिथे गंज किंवा मातीचा थर असला की ती केसभर तिरकी बसते. ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्याला तिची तीच जागा पॅडला चाटून जाते आणि हळूहळू तिथे पातळ होते. जाडीत ०.०२ मिमीचा फरक पडला तरी तो पेडलला कळू शकतो. आता ही डिस्क लेथवर सरळ करून त्याच गंजलेल्या हबवर बसवलीत, तर पहिल्या दिवसापासून ती पुन्हा तिरकी. काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत हजर. लेथने ताप उतरतो, रोग तिथेच राहतो.

हे नव्या डिस्कलाही लागू आहे, आणि मूळ लेखात यावर एकच ओळ होती ही माझी चूक. हबचं तोंड तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या एमरी पेपरने चकचकीत करा, चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या स्टडच्या बुडाशी तर जास्तच, कारण गंज तिथेच टिकून राहतो. डायल गेज (केसभर हालचालही काट्यावर दाखवणारं मापक) मिळालं तर डिस्क वायसर घालून सगळ्या नटांनी आवळा आणि कडेपासून सेंटिमीटरभर आत काटा टेकवून एक फेरा फिरवा. काट्याची हालचाल ०.०५ मिमीच्या आत असेल तर उत्तम. जास्त असेल तर डिस्क एक भोक पुढे सरकवून पुन्हा बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. मात्र जिथे डिस्कला पकडस्क्रू असतो तिथे ही सोय नाही.

मग लेथ कधी? जाडी शिल्लक आहे, तडे नाहीत, निळसर डाग नाहीत, नुसते चरे आहेत, तर जरूर मारा. पण आधी मोजा. इथे एक फसगत होते. जुन्या डिस्कच्या कडेला न झिजलेली कड उभी राहते. व्हर्नियरचे जबडे तिच्यावर टेकतात आणि जाडी जास्त दाखवतात. मायक्रोमीटरने कडेपासून १० ते १५ मिमी आत, आठ ठिकाणी मोजा. व्हर्नियरच असेल तर दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. आठपैकी सगळ्यात कमी आकडा धरायचा, सरासरी नाही.

आता ब्लीडिंग. पॅड-डिस्क बदलताना ब्रेक ऑइलची लाइन कुठेच उघडत नाही, म्हणून हवा शिरत नाही आणि ब्लीडिंग सक्तीचं नाही. लेखात ते नव्हतं ते याच कारणाने. पण आपल्याकडे गगनबावड्याचा पाऊस आणि करूळ घाटाचा उतार दोन्ही आहेत, तेव्हा ऑइलबद्दल बोलायलाच हवं होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू मानकाप्रमाणे कोरडं असताना किमान २०५ अंश, ओलावा धरल्यावर किमान १४०. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) तापला आणि आतल्या पाण्याची वाफ झाली की पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही. पॅड कितीही नवे असोत. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला, डबा उघडून वर्षभर ठेवलेलं वापरू नका, आणि घाट दुसऱ्या गिअरवर उतरा.

तिसरा आक्षेप, घरी करावं का? काम कुठे होतं यापेक्षा कुठली पायरी गाळली जाते याने अपघात होतात, आणि पायऱ्या गॅरेजमध्येही गाळल्या जातात. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात आत घालायचा नाही; सपाट फरशी, मागच्या चाकांना उटी (घरंगळू नये म्हणून लावायचा दगड किंवा ठोकळा) आणि खाली स्टँड हवाच. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे अडल्यावर बघायला दुसरी तशीच असते. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. डिस्क निघत नसेल तर हातोडा घेण्याआधी तिच्यावर आटे पाडलेली दोन भोकं दिसतात का बघा. बहुतेकदा एम ८ चे बोल्ट लागतात, दोन्ही आळीपाळीने आवळले की डिस्क स्वतःच सुटून येते.

कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलताना जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्प सावकाश फिरवा आणि बॉनेटखालच्या टाकीवर नजर ठेवा. वर ऑइल भरलेलं असेल तर ते उतू जातं आणि पडेल तिथला रंग खातं. कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान बसतात तिथल्या पत्र्याच्या क्लिपखाली गंज फुगलेला असतो. तो खरवडला नाही तर नवा पॅड अडकतो, डिस्कला घासत राहतो आणि मायलेज का पडलं याचा शोध मालक भलतीकडेच घेतो. पॅड हाताने सरकला पाहिजे. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा; बेअरिंगचं पिवळं ग्रीस रबरी बूट फुगवतं आणि पिन जाम होते. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा. रॉकेल-डिझेल अजिबात नको, त्याचा ओशटपणा मागे राहतो. आणि धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

तुमचं अर्धं बरोबर कुठे, तर हे काम घरी थांबवायची वेळ येते तिथे. पिस्टन बेताच्या जोराने मागे जात नाही, त्याचा बूट फाटलाय, ऑइल झिरपलंय, ब्रॅकेटच्या बोल्टचे आटे गेलेत, यातलं काहीही दिसलं तर पाना खाली ठेवा आणि मेकॅनिकला घरी बोलवा, गाडी त्याच्याकडे चालवत नेऊ नका. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल आणि आतला पॅड बाहेरच्यापेक्षा दुप्पट झिजला असेल, तर नुसते पॅड घालून भागणार नाही, कॅलिपर उघडावा लागेल.

सगळं जोडल्यावर इंजिन सुरू करण्याआधी पेडल टणक लागेपर्यंत मारा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिली लाथ तळापर्यंत जाते, आणि हे विसरलेली गाडी थेट समोरच्या भिंतीत जाते. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहाटे मोकळ्या सपाट रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये अर्धा-एक मिनिट हवा खाऊ देत. शेवटी पाच-सात मिनिटं ब्रेक न लावता चालवा आणि तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नका. त्याच दिवशी पन्हाळ्याला जायचा मोह टाळा. न बसलेले पॅड उतारावर तापले की काचेसारखे गुळगुळीत होतात.

चाकाचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला), समोरासमोरच्या क्रमाने आवळा. कमी-जास्त आवळलेल्या नटांनीही डिस्क तिरकी बसते. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा, गाडी थंड असताना.